पंजाबचा प्रश्न आपल्याही इतिहासाचा



नागपूरकर भोसल्यांच्या कागदपत्रांवर यंदा परिषदेत चांगले निबंध आले. त्यांचा परामर्श विभागीय अध्यक्ष घेतीलच. अध्यक्ष म्हणून मिळालेला वेळ मी एका तक्रारीसाठी वापरणार आहे. स्वातंत्र्योत्तर पंजाब मराठी इतिहासकारांनी वर्तमानपत्रांवर सोडून दिला.

पंजाब आपल्यापासून दूर नव्हता. सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईच्या वेळचे लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांचा खून १० ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात झाला. मारेकऱ्यांना १९९२ साली येरवड्यात फाशी झाली. गुरू गोविंदसिंगांचे अखेरचे स्थान नांदेडला आहे. नामदेवांची पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत म्हणून २०१५ साली आपण पंजाबातल्या घुमानला साहित्य संमेलन भरवले. या सभागृहात गुरुमुखी वाचू शकणारे किती आहेत?

पंजाबातल्या फुटीरतेचे मूळ धर्मात की दिल्लीच्या राजकारणात, यावर काल परिसंवादात खडाजंगी झाली. राज्य पुनर्रचना आयोगाचा १९५५चा अहवाल आपण विदर्भाच्या शिफारशीपुरता उघडतो. पंजाबी सुभ्याची, म्हणजे पंजाबी भाषकांच्या राज्याची, मागणी त्याच अहवालाने फेटाळली होती. मग शिखांच्या अकाली दलाने भाषेच्या मागणीसाठी गुरुद्वारांतून मोर्चे चालवले. पंजाबी बोलणाऱ्या अनेक हिंदूंनी जनगणनेत मातृभाषा हिंदी नोंदवली. भाषेच्या मागणीवर धर्माचा रंग असा दोन्हीकडून चढला. १९६६ साली सुभा मिळाला, पण चंदीगड केंद्राकडे गेले आणि नद्यांच्या पाण्याचा तंटा राहिला. १९७३चा आनंदपूर साहिब ठराव केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन आणि दळणवळण एवढेच ठेवा म्हणत होता. वेगळा देश त्यात मागितलेला नव्हता. राज्यरचनेची मागणी म्हणजे देशद्रोह नव्हे, हे वेगळा विदर्भ मागणाऱ्या शहराला तरी सांगावे लागू नये!

शीख अतिरेक्यांचे नेते जरनैलसिंग भिंद्रनवाले यांच्या माणसांनी केलेल्या हत्यांचे समर्थन मी कधीही करणार नाही. राजीव गांधींशी करार करणाऱ्या अकाली दलाच्या संत लोंगोवालांना महिनाभरात मारणारे शीख अतिरेकीच होते. पण तरुण या अतिरेक्यांकडे कसे वळले, हे मी वर्गात पाहिले आहे.

माझा एक शीख विद्यार्थी होता. वडिलांचे कामठी रोडला ट्रान्सपोर्टचे ऑफिस. पोरगा अस्सल नागपुरी मराठी बोलायचा, क्रिकेट आणि सिनेमा यांपलीकडे त्याला काही सुचत नसे. १९८४च्या नोव्हेंबरात, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या शीखविरोधी हिंसाचारात, दिल्लीत त्याचा मामा जाळला गेला. सरकारी आकड्यानुसार त्या दिवसांत एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. पोरगा महिन्याने वर्गात आला आणि म्हणाला, ‘सर, आनंदपूरच्या ठरावात खरं काय आहे? मराठीत काही आहे का?’ मी कॉलेजचे ग्रंथालय पालथे घातले, ओळखीच्या प्राध्यापकांना विचारले. काही मिळाले नाही. त्याच्याकडे मात्र तोवर भिंद्रनवाल्यांच्या भाषणांच्या कॅसेटी आल्या होत्या. कालचा वाद माझ्यापुरता तिथेच मिटला. धर्म त्या घरात आधीही होता, त्याने पोराला पेटवले नव्हते. मामाच्या मरणाने पेटवले, आणि त्या मरणाचा अर्थ सांगायला कॅसेट सोडून दुसरे कोणी पुढे आले नाही. ते काम इतिहासकारांचे होते. आपण पेशव्यांच्या दफ्तरात बसून राहिलो.

नागपूर आणि नांदेडच्या शीख कुटुंबांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम परिषदेने हाती घ्यावे. त्याची आखणी कार्यकारिणी करील, पैशांचेही काही जमेल. १९८४ साली तिशीत असलेली माणसे आज सत्तरीत आहेत. तरुण संशोधकांनो, गुरुमुखी शिका, आणि पुढच्या अधिवेशनाला पंजाबवरचा निदान एक निबंध मूळ पंजाबी कागद वाचून आणा.