चूक बोटाची नव्हती

मी फौजेतून कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि आता झाशीत राहतो. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे माझ्या मराठीत थोडी बुंदेली मिसळते. सांभाळून घ्या.

माझी भाची मानसशास्त्रात बी.ए. झाली आणि म्हणाली, "मामा, मला यूएक्स डिझायनर व्हायचंय."

"म्हणजे चित्रं काढायची?"

"नाही मामा. ॲप वापरताना माणूस कुठे अडतो ते शोधायचं आणि ती अडचण काढायची."

मी म्हणालो, "माणूस अडतो, कारण त्याचं लक्ष नसतं. शिस्त लावा, सगळं ठीक होईल."

मग तिनं मला दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट सांगितली. अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं धावपट्टीवर उतरत. फ्लॅप वर घ्यायच्या ऐवजी वैमानिक चाकंच आत घेत आणि विमान पोटावर आपटे. कागदावर शेरा पडे, वैमानिकाची चूक. अल्फोन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिट पाहिलं. दोन्ही कळा शेजारी-शेजारी आणि दिसायला सारख्याच! त्यानं चाकांच्या कळीवर छोटं रबरी चाक बसवलं आणि फ्लॅपच्या कळीवर पाचरीसारखा तुकडा. हाताला फरक कळू लागला आणि ती चूक थांबली. पुढे १९४७मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा ४६० चुका तपासून हेच दाखवलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी कॅप्टन असताना एका सरावात आमच्या जवानानं चुकीचं बटण दाबलं आणि तासभर संपर्क तुटला. तो म्हणाला होता, "साहब, दोनों एक जैसे हैं." मला ती सबब वाटली. मी रिपोर्टमध्ये 'निष्काळजीपणा' लिहिलं. त्याची बढती लांबली.

सकाळी मी भाचीला म्हणालो, "चल, कामाला लागू."

आम्ही पेन्शनर दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देतो, आता मोबाइलवरूनही. तिनं पाच जणांना समोर बसवलं. काही माजी सैनिक, काही त्यांच्या विधवा. नियम एकच, मदत करायची नाही, फक्त पाहायचं. मी दोनदा बोलायला गेलो आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं! दिसलं ते असं: दाखला पोहोचल्याचा संदेश चष्मा शोधेपर्यंत गायब होत होता. म्हणून एका काकूंनी तेच काम तीनदा केलं. भाचीनं कागदावर नवा स्क्रीन काढला. मोठी अक्षरं, तारीख आणि 'ठीक आहे' दाबेपर्यंत न जाणारा संदेश. तो परत त्याच माणसांना दाखवला. तिथेही दोन चुका निघाल्या. त्याही तिनं लिहून ठेवल्या.

अकरा नकारांनंतर पुण्यात तिला नोकरी मिळाली. मुलाखतीत विचारलं होतं, "तुमचा कोणता अंदाज चुकला?" तिच्याकडे उत्तर होतं, कारण वही होती.

मुलांनो, महागडा कोर्स नंतर. फिग्मासारखं साधन फुकटात सुरू करता येतं. रीतसर शिकायचं असेल तर बारावीनंतर यूसीड आणि पदवीनंतर सीड, या परीक्षा आयआयटी मुंबई घेते. तिथलं डिझाइन केंद्र १९६९पासून आहे. मराठी टाइप करायचा 'स्वरचक्र' कीबोर्ड तिथलाच, एकदा वापरून पाहा. पण सुरुवात घरातून करा. आजीच्या शेजारी बसा, तिच्या हातात मोबाइल द्या आणि गप्प राहा. हे गप्प राहणं मला साठीनंतर जमलं.

तो जवान मला अजून सापडलेला नाही, शोध चालू आहे. तोवर इथे, सगळ्यांसमोर सांगतो: भाई, चूक तुझ्या बोटाची नव्हती. न पाहता शेरा लिहिणाऱ्या माझ्या पेनाची होती.

जय हिंद!