शहरात बिऱ्हाड शोधताना
(पुण्यातील एका विहारात दिलेले व्याख्यान)



मुलांच्या प्रवेशासाठी गावोगावहून पुण्यास आलेले पालक आज येथे बसले आहेत, आणि याच शहरात घर केलेले उपासकही बसले आहेत. मला दोघांशीही बोलावयाचे आहे. महाविद्यालयात नाव लागले म्हणून आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. परंतु नाव लागले म्हणजे डोके टेकावयास जागा मिळाली, असे नव्हे.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९१७ साली, कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले परमपूज्य बाबासाहेब बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी उतारशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले, तेही वहीत पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून पाहिले. आसरा कोठेच मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कामाठी बागेत बसून काढले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेविले आहे, आणि दुसऱ्याचे नाव घेतल्याची गोष्टही त्यांनी लपविली नाही. अशा माणसाच्या प्रेरणेने १९२५ साली सोलापुरास वसतिगृह निघावे, १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय निघून तेथे वसतिगृहेही उभी राहावीत, यात नवल ते काय?

आज समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. पण अर्ज फार आणि खाटा थोड्या. ज्यांना तेथे प्रवेश मिळत नाही, अशा अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना निघाली. तेव्हा पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांत राहण्याचे २०,०००. महिन्याचा हिशेब केला तर सतराशेही भरत नाहीत. तरीही अर्ज अवश्य करावा. मात्र वसतिगृहाचा अर्ज आधी करावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. आणि सरकारी पैसा पहिल्या महिन्यातच हाती पडेल, या भरवशावर कोणी राहू नये.

मग उरते खासगी जागा. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत एकेका खोलीत तीन-चार खाटा टाकलेल्या असतात. त्याला 'कॉट बेसिस' म्हणतात. भाडे द्यावयाचे ते खोलीचे नव्हे, खाटेचे. तेथे गेल्यावर लाजू नका. अनामत किती, ती परत केव्हा, विजेचे बिल भाड्यात की वेगळे, दार रात्री किती वाजता बंद होते, सारे विचारा. आणि करार लेखी करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याचे कलम ५५ सांगते की असा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती त्याने टाळली आणि पुढे वाद झाला, तर मालक उलट सिद्ध करीपर्यंत अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. हे कलम मुलाच्या वहीत लिहून द्या.

आता खरी गाठ सांगतो. मी विद्यार्थी असताना एका वाड्यात खोली पसंत केली. घरमालकीणबाईंनी चहा दिला, आडनाव विचारले. मी सांगितले. मग गाव विचारले. मग गावात घर कोणत्या बाजूला, हेही विचारले. चहा संपेपर्यंत त्यांच्या ध्यानात आले, की खोलीवर भाचा राहावयास येणार आहे. भाचा काही आला नाही. 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी महिनाभर तशीच होती.

माझ्या एका मित्राने यातून वेगळा धडा घेतला. त्याने दुसरेच आडनाव सांगून खोली मिळविली आणि आठ महिने राहिला. त्या आठ महिन्यांत त्याने भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली नाही. गावाहून भेटीला आलेल्या आईला त्याने एस. टी. स्थानकावरच जेवू घातले आणि तेथूनच परत पाठविले. ती विचारीत राहिली, "तुझी खोली तरी बघू दे की रं!" तो आजही ही गोष्ट सांगताना थांबतो. अशा मुलाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. बडोद्याची वही मी विसरलेलो नाही. पण आपल्या मुलाला एवढे सांगा, की नाव फोनवरच, पहिल्या वाक्यात सांगावे. नकार यावयाचाच असेल तर तो गाडीभाडे खर्च होण्यापूर्वी येऊ दे.

कायदा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यानुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला राहत्या जागेत येण्यास आडकाठी करणे हा गुन्हा आहे. परंतु 'भाचा येणार आहे' या वाक्यावर खटला उभा कसा करावा? ज्याने तोंडावर जात काढली, त्याच्या बाबतीत मात्र गप्प बसू नका. तारीख, वेळ, शब्द आणि सोबतच्या साक्षीदाराचे नाव त्याच दिवशी लिहून काढा.

मुलींविषयी एवढेच, की जागेच्या भीतीने तिचे शिक्षण तोडू नका. पहिले चार दिवस आईने सोबत राहावे.

आणि आता पुणेकर उपासकांना. आपल्यापैकी कित्येकांनी येरवड्यास, विश्रांतवाडीस, पिंपरीस घरे केली. वरची खोली रिकामी असते. विद्यार्थ्याने विचारले की आपण म्हणतो, "नको, पोरे गोंगाट करतात." करतातच, आपणही केला होता. मी धर्मादाय मागत नाही. भाडे घ्या, करार करा, पावती द्या. दाराशी एक वही ठेविली आहे. ज्याच्याकडे एक खाट टाकण्याइतकी जागा असेल, त्याने जाताना आपला पत्ता तिच्यात लिहावा. गावाहून आलेल्या पालकांनी ती वही पाहूनच गाडी धरावी. शेवटची गाडी साडेनऊची आहे, म्हणून मी येथेच थांबतो.

जय भीम.