राउटर कुठल्या खोलीसाठी?

मार्वेहून तरीने मनोरीला येताना दोघींनी विचारलं, "भाई, घरासाठी राउटर कोणता घ्यावा?"

खोक्यावरच्या वेगाच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ती बहुधा सगळ्या बँडची बेरीज असते. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंत बऱ्यापैकी ओलांडते, पण वेग कमी. ५ गिगाहर्ट्‌झला वेग आहे, पण जाड भिंतीपाशी ती दमते. म्हणून दोन्ही असलेला ड्युअल बँड घ्या. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए३ आहे ना, बघा. अँटेना जास्त म्हणजे पल्ला जास्त, असं नसतं.

त्याहून महत्त्वाची जागा. आपल्याकडे राउटर बैठकीत, टीव्हीमागे, नाहीतर लोखंडी कपाटाशेजारी असतो. बैठकीत कोण बसतं? अब्बा आणि मुलगे. बहीण मागच्या खोलीत अभ्यास करते, तिथे जेमतेम एक कांडी. आमच्याकडेही हेच होतं. बहिणीने सुनावलं, तेव्हा मी इंजिनिअर असून लाजलो. काही मीटर केबल आणली आणि राउटर घराच्या मधोमध, उंचावर लावला. नवा घ्यावाच लागला नाही.

२०१९मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. तो हक्क आपल्या घरात कुठल्या खोलीपर्यंत पोचतो? आज घरी गेल्यावर फोन घेऊन प्रत्येक खोलीत वेग मोजा. राउटर त्यानंतर निवडा. आणि पासवर्ड बहिणीलाही सांगा.