पांडांच्या डोंगरातला वसंत

 

गेल्या वेळी आपण गटाच्या नोंदवह्या आणि अंतर्गत कर्ज यावर बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आपण पांडाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही मोबाइलवर पाहिलाच असेल: अस्वलासारखा गुबगुबीत, अंग पांढरं, हातपाय, कान आणि डोळ्यांभोवतीची वर्तुळं काळी. बसल्या बसल्या बांबू खात असतो. नातवंडांना तो फार आवडतो. पण या पांडाच्या गावाला वसंत कसा येतो, तिथे सण कसे होतात आणि त्या फुलांच्या मागे काय काय घडून गेलंय, हे समजलं की ती गोष्ट आपल्या गटाच्या बैठकीपर्यंत येऊन पोचते.

पांडा जंगलात फक्त चीनमध्ये राहतो. तिथल्या सिचुआन, शान्शी आणि गान्सू या तीन प्रांतांच्या डोंगरात. सिचुआन हे नाव तुमच्या ओळखीचं आहे बरं का. गाड्यावर मिळणाऱ्या 'शेजवान' चटणीचं नाव या सिचुआनवरूनच आलं. या प्रांताची राजधानी चेंगदू. शहराच्या उत्तरेला १९८७ साली पांडांचं एक संशोधन केंद्र सुरू झालं. ते एखाद्या मोठ्या बागेसारखंच आहे. बांबूची बनं, पाण्याची तळी आणि त्यातून फिरायला पायवाटा. लोक लांबून लांबून ते बघायला येतात.

तिथला मोठा सण म्हणजे चिनी नवीन वर्ष. त्याला ते वसंतोत्सव म्हणतात. जसा आपला पाडवा इंग्रजी तारखेवर ठरत नाही, तसाच त्यांचा सणही चंद्रावर चालतो. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यामध्ये कधीही येतो. आपल्याकडे अधिक महिना येतो ना? त्यांच्याही पंचांगात असा जादा महिना धरतात. त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणून पंधरावा दिवस पौर्णिमेचा. त्या रात्री कंदील लावायचे आणि तांदळाच्या पिठाचे, आत तिळाचं गोड सारण भरलेले गोळे पाण्यात उकळून खायचे. आपला मोदक वाफेवर शिजतो, त्यांचा पाण्यात, एवढाच फरक म्हणा.

या दिवसांत दाराला लाल कागदावर लिहिलेल्या शुभेच्छा लावतात. पांडांच्या केंद्रातही लाल कंदील लागतात. आदल्या पावसाळ्याच्या सुमारास जन्मलेली पिल्लं नवीन वर्षाच्या तोंडावर लोकांसमोर आणतात, रांगेत बसवतात. ती काही रांगेत बसत नाहीत. एक निसटतं, दुसरं त्याच्यावर लोळतं, आणि सगळा देश ते टीव्हीवर बघून हसतो. पांडांनाही सणाचं ताट मिळतं. बांबूचे कोंब, गाजर, सफरचंद आणि मका, तांदूळ, सोयाबीन अशा पिठांचा वाफवलेला गोळा. आपण बैलाला पोळ्याला पुरणपोळी खाऊ घालतो, त्यातलाच हा प्रकार.

मग फुलांचे दिवस येतात. थंडी असतानाच मेई नावाचं आलुबुखारच्या जातीचं झाड फुलतं. पान एकही नाही आणि फांदीभर गुलाबी फूल, आपला पळस जसा निष्पर्ण होऊन पेटतो तसं. मार्चमध्ये पीच आणि चेरी फुलतात. चेंगदूच्या आसपासच्या शेतात मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक पिवळंधमक होतं. एप्रिलच्या सुरुवातीला जवळच्या दुजियांगयान गावी पाणी सोडण्याचा उत्सव होतो. इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमारास ली बिंग नावाच्या अधिकाऱ्याने तिथे नदीचं पाणी वळवून शेतीला देण्याची व्यवस्था बांधली. धरण न बांधता. ती आजही चालू आहे. पूर्वी हिवाळ्यात लाकडी तिकाटण्यांनी पाणी अडवून कालव्यांतला गाळ काढायचे आणि वसंतात ती तिकाटणी तोडून पाणी शेताकडे सोडायचे. त्याचीच आठवण म्हणून हा उत्सव. आवर्तन सुटलं की आपल्या गावात कशी लगबग होते, ते आठवा म्हणजे त्यांचा आनंद कळेल.

आणि वर डोंगरात, जिथे पांडा मोकळा फिरतो, तिथे एप्रिल-मेमध्ये एक वेगळंच झाड फुलतं. फुलाच्या गोंड्याभोवती दोन मोठी पांढरी पानं लोंबतात. वारा आला की वाटतं, झाडावर कबुतरं बसलीत. म्हणून त्याला कबुतराचं झाडच म्हणतात. १८६९ साली आर्मां दाविद नावाचे एक फ्रेंच धर्मगुरू या डोंगरात आले होते. ११ मार्चला एका शिकाऱ्याच्या घरी त्यांनी काळं-पांढरं कातडं पाहिलं, आणि बाहेरच्या जगाला पांडा कळला. त्याच वर्षी त्यांनी हे झाडही पाहिलं. शास्त्रात त्या झाडाला आज त्यांचंच नाव आहे.

आता मैत्रिणींनो, या सगळ्या फुलांमध्ये एक फूल असं आहे, की ते आलं की कुणी सण करत नाही. ते म्हणजे बांबूचं फूल.

पांडा दिवसाला १२ ते ३८ किलो बांबू खातो. वसंतात कोवळे कोंब, विदर्भात आपण ज्यांना वास्ते म्हणतो ते, त्याच्या खास आवडीचे. पण बांबूला कित्येक दशकांतून एकदाच फुलोरा येतो. तो डोंगरच्या डोंगर एकदम येतो, आणि फुलून बी झालं की बांबू वाळून मरतो. त्या बियांतून पुन्हा दाट बन उभं राहायला दहा-पंधरा वर्षं सहज जातात. १९७० च्या दशकाच्या मध्यात या डोंगरात असा फुलोरा आला आणि १३८ पांडा मेलेले सापडले. १९८३ मध्ये पुन्हा आला. चेंगदूचं ते केंद्र सुरू झालं, ते जंगलातून वाचवून आणलेल्या सहा आजारी, उपाशी पांडांवर. आज तिथे दोनशेहून जास्त आहेत. आज जिथे कंदील लागतात, त्या जागेची सुरुवात अशी भुकेतून झाली.

आपल्या देशालाही हे फूल माहीत आहे. मिझोराममध्ये १९५९ च्या सुमारास बांबू फुलला, बी खाऊन उंदीर बेसुमार वाढले आणि त्यांनी शेतं फस्त केली. माणसांवर दुष्काळ आला. आपल्याकडच्या जुन्या बायाही सांगतात की बांबू फुलणं चांगलं नाही. त्यामागे असा अनुभव आहे.

पण नीट विचार करा. बांबू तर हजारो वर्षं फुलतोय. मग पांडा पूर्वी कसे जगले? पूर्वी जंगल सलग होतं. एका उतारावरचा बांबू मेला तर पांडा चालत दुसऱ्या उतारावर जायचा, जिथे वेगळ्या जातीचा बांबू हिरवा असायचा. मग मधल्या दऱ्यांत शेती आली, रस्ते आले, लाकडासाठी जंगल तुटलं. पांडा एका तुकड्यात अडकला. त्या तुकड्यातला बांबू मेला की त्याच्याकडे दुसरा काही आधारच उरला नाही. बांबू फुलल्यामुळे पांडा मेले खरे, पण त्याआधी त्यांची वाट बंद झालेली होती.

हे दुरुस्त करायचं तर जंगल जोडायला हवं होतं. आणि जंगलात तर माणसं राहत होती. आपल्यासारखीच. डोंगरउतारावर मका लावणारी, सरपण आणणारी, लाकूडतोडीवर मजुरी मिळवणारी. १९९८ मध्ये यांगत्से नदीला मोठा पूर आला. उतारांवरचं जंगल तुटल्याने पूर वाढला, हे ध्यानात आलं आणि सिचुआनमध्ये नैसर्गिक जंगलाची तोड बंद झाली. १९९९ पासून तीव्र उताराची शेती सोडून तिथे झाडं लावणाऱ्या शेतकऱ्यांना सरकारने धान्य, रोख पैसे आणि रोपं द्यायला सुरुवात केली. नुसतं 'शेती सोडा' असं सांगितलं असतं तर कुणी सोडली असती का? चूल पेटण्याची सोय आधी लागते. तरीही ज्यांची लाकडाची मजुरी गेली, त्यांना पुढे काय हा प्रश्न होताच.

त्या प्रश्नाचं एक उत्तर पिंगवू नावाच्या भागातल्या गुआनबा गावाने शोधलं. पिंगवूमध्ये जंगली पांडा सर्वांत जास्त. गावाच्या आजूबाजूला जंगल, आणि वसंतात त्या जंगलात फुलंच फुलं. गावकऱ्यांनी सहकारी संस्था करून मधमाश्या पाळल्या. मध विकायचा, गावातल्याच लोकांनी जंगलात गस्त घालायची. आता बघा, मध कशावर अवलंबून? फुलांवर. फुलं कशावर? उभ्या झाडावर. म्हणजे झाड तोडण्यापेक्षा राखण्यात पैसा आहे, हे ज्याच्या त्याच्या घरात कळलं. त्यांची मधमाशीसुद्धा परकी नाही. आपल्या सह्याद्रीत जिला आपण सातेरी म्हणतो, तीच जात तिथे पाळतात.

याच डोंगरात छियांग नावाचा समाज राहतो. त्यांच्या बायकांचं भरतकाम प्रसिद्ध आहे. १२ मे २००८ रोजी तिथे मोठा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, घरं गेली, पांडांचं वोलोंग इथलं केंद्रही मोडलं. त्यानंतर या बायकांना भरतकामाचं प्रशिक्षण आणि बाजार मिळवून देण्याचे प्रयत्न झाले, आणि आईकडून शिकलेल्या टाक्यावर कित्येक घरं सावरली. त्यांचा एक सण तर ऐकाच. चांद्र वर्षाच्या पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला, आपल्या ज्येष्ठाच्या आसपास, बायका तीन दिवस घरकाम आणि शेतकाम बाजूला ठेवतात, नवे कपडे घालून गातात, नाचतात. स्वयंपाकपाणी पुरुष बघतात. हे भाषण घरातल्या पुरुषांनीही ऐकावं म्हणून मुद्दाम सांगितलं.

२०२१ मध्ये चीनने हे सगळे तुकडे जोडून पांडांचं राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. सुमारे २२,००० चौरस किलोमीटर. आपल्या राज्यात सर्वांत मोठा अहिल्यानगर जिल्हा, त्याच्याहून मोठं. जंगलातल्या पांडांपैकी सुमारे सत्तर टक्के त्यात येतात. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोजणीत जंगलात १,५९६ पांडा होते, पुढच्या मोजणीत १,८६४ झाले. २०१६ मध्ये जागतिक यादीत पांडा 'संकटग्रस्त' या वर्गातून 'असुरक्षित' या थोड्या बऱ्या वर्गात आला. धोका टळला असं नाही. मादी वर्षातून जेमतेम दोन-तीन दिवस गर्भ धरू शकते, तेही वसंतात. पिल्लू जन्मतं ते शंभर ग्रॅमचं, मोठ्या लिंबाएवढं. आई असते शंभर किलोची. असं पिल्लू वाढवायला शांत जंगलच लागतं. गर्दी मात्र वाढतेच आहे. चेंगदूच्या केंद्रात 'हुआ हुआ' नावाची एक पांडा इतकी लाडकी झाली, की सणासुदीला लोक तासन्‌तास रांगेत थांबतात आणि बघायला मिळतात काही मिनिटं.

मैत्रिणींनो, यातून आपल्या गटाने घ्यायच्या दोन गोष्टी सांगते आणि थांबते.

पहिली. पांडाचं जे झालं, ते एकाच बांबूवर पोट असलं म्हणून झालं. आपल्या गटात कितीतरी घरं एकाच पिकावर, एकाच मजुरीवर किंवा एकाच व्यापाऱ्यावर उभी आहेत. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या घरात पैसा कुठून कुठून येतो ते वहीत लिहावं. जिच्या नावापुढे एकच ओळ असेल, तिला दुसरी ओळ कशी जोडता येईल, याचा विचार सगळ्यांनी मिळून करावा. कर्ज देताना हे बघितलं तर गटाचा पैसाही सुरक्षित राहतो.

दुसरी. आपल्या गावच्या फुलोऱ्याचं पंचांग करा. कोणत्या महिन्यात काय फुलतं: माघात आंब्याचा मोहर, फाल्गुनात पळस आणि पांगारा, पुढे करंज, जांभूळ, हिरडा. हे म्हाताऱ्या बायांना विचारा, त्यांना सगळं पाठ असतं. साताऱ्यात महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. तिथेही आधार हाच, फुलणारं जंगल आणि सातेरी माशी. ज्या गटांना मधपेट्यांचा विचार करायचा आहे, त्यांनी खादी ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा कार्यालयात प्रशिक्षणाची चौकशी करावी. पण पेटी घेण्याआधी हे पंचांग हातात हवं. ज्या महिन्यांत काहीच फुलत नाही, त्या महिन्यांत माशी काय खाणार, ते आधी ठरवायला लागतं.

या पाडव्याला गुढी उभारताना कडुलिंबाचा डहाळा तोडाल, तेव्हा त्याला मोहर आलाय का तेही बघा आणि वहीत लिहून ठेवा. पंचांगातली पहिली नोंद होऊन जाईल. पुढच्या महिन्यात कुठल्या गटाची वही किती भरली, ते मी विचारणार आहे.

नमस्कार.