मुदतवाढ मागताना

प्लास्टरचं काम तुम्ही उपठेकेदार म्हणून घेतलंय, पण मुख्य ठेकेदारानं तिसऱ्या मजल्यावरचे स्लॅबचे टेकूच काढून दिले नाहीत. मग मुदतवाढ मिळणारच, असं धरून चालू नका. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या 1999 च्या नमुना करारनाम्यात मुख्य ठेकेदाराला मुदतवाढीसाठी अडथळा कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस द्यावी लागते. म्हणून उपठेकेदाराची मुदत बहुधा त्याहून कमी ठेवतात. अडथळा कधी आला, कधी दूर झाला, हे साइटच्या हिंडरन्स रजिस्टरमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या नोंदवहीत, लिहून तुमच्या आणि मुख्य ठेकेदाराच्या अशा दोघांच्या सह्या घ्या. ‘पावसामुळे उशीर’ असं मोघम लिहून भागत नाही. कोणतं काम अडलं आणि त्यानं शेवटची तारीख किती पुढे गेली, ते वेळापत्रकावर दाखवा. ‘बघू नंतर’वर तर मुळीच विसंबू नका. नोटीस आजच द्या, पोच घ्या.