घोडा पुढं की मागं? एका ऑडिओ गेमची आणि सहा जणांच्या टीमची गोष्ट

इअरफोन लावलेत ना? दोन्ही कानांत लावा. आज जे सांगणार आहे, त्यात डाव्या-उजव्या दोन्ही कानांना काम आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहणार बारामती. दीडेक वर्षापूर्वी आम्ही सहा जणांनी अंध मुलांसाठी ऑडिओ गेम करायला घेतला. ऑडिओ गेम म्हणजे बघायला काहीच नाही. स्क्रीन काळी, सगळा खेळ कानावर. ही कल्पना काही नवीन नाही. जपानमध्ये केंजी एनो नावाच्या माणसानं १९९७ सालीच सेगा सॅटर्नवर एकही चित्र नसलेला गेम काढला होता. २०१५ साली फ्रान्समधून 'अ ब्लाइंड लेजंड' आला, तो मोबाईलवर चालतो. पण आपल्या मराठीत, आपल्या आवाजांचा गेम असावा, असं आम्हाला वाटत होतं.

टीममध्ये मी, कॉलेजचे दोन ज्युनिअर कोडिंगला, शाळेत संगीत शिकवणारी एक ताई आवाजाला, पुण्यातला एक मित्र गोष्ट लिहायला आणि इंदापूर तालुक्यातला एक विशीतला मुलगा टेस्टिंगला. हा मुलगा जन्मापासून अंध. सगळे फुकट काम करणारे. पगार नाही, ऑफिस नाही, फक्त एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि रविवार सकाळचा कॉल.

पहिली लेव्हल ठरली रिंगणाची. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडं जाते, वाटेत बेलवडीला गोल रिंगण होतं, हे आपल्याकडच्या पोरांना सांगायला नको. पताकावाले धावतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया धावतात, विणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतो. आमच्या गेममध्ये तुम्ही एक छोटा मुलगा आहात. गर्दीत आजीचा हात सुटलाय. आजी रिंगणाच्या आत टाळ वाजवतीय. घोडा तुमच्या पुढून निघून गेला की त्याची वाट ओलांडून आजीपर्यंत पोचायचं. ताईनं बेलवडीत उभं राहून टापा आणि टाळ रेकॉर्ड करून आणले. ऐकताना अंगावर काटा आला होता.

आता आमची चूक सांगतो. आमची म्हणजे मुख्यतः माझी.

मी टीम चालवायला घेतली ती थेट नोकरीतल्या सवयीनं. कामाची यादी व्हाइटबोर्डवर लिहायची, फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा. सहा महिने मी हेच केलं. फोनमधला टॉकबॅक तेव्हा अशा फोटोवर बोट ठेवलं की काय सांगायचा? 'फोटो'. बास. आत काय लिहिलंय, ते नाही. म्हणजे ज्याच्यासाठी गेम चाललाय, त्यालाच गेममध्ये पुढं काय होणार ते सहा महिने कळलं नव्हतं. नंतर कामं वाटायला एक ॲप घेतलं. त्यात कार्ड बोटानं ओढून दुसऱ्या रकान्यात टाकावं लागायचं. त्याला ते जमत नव्हतं. तो बिचारा बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

दुसरी चूक. आम्ही डोळ्याला रुमाल बांधून टेस्टिंग करायचो. आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं. पाच मिनिटं धडपडायचं, हसायचं, रुमाल सोडायचा आणि म्हणायचं, 'जमतंय की राव!' पण रुमाल बांधलेला डोळस माणूस अंध होत नसतो. तो फक्त चाचपडतो. अंध माणूस रोज कानावर चालतो, त्याचं ऐकणं वेगळ्याच दर्जाचं असतं. आमचा हा मुलगा टॉकबॅक इतक्या वेगानं ऐकतो, की मला त्यातला एक शब्द कळत नाही. आणि आम्ही त्याला चाळीस सेकंदांची संथ सूचना ऐकवत होतो, तीही पुढं ढकलता न येणारी!

पालखीच्या आधी गेम काढायचा होता. आम्ही घाईत बिल्ड पाठवला. त्याचा व्हॉइस मेसेज आला. 'दादा, घोडा पुढं आहे का मागं, तेच कळत नाही.' मी उत्तर दिलं, 'हेडफोनचा प्रॉब्लेम असेल, आमच्याकडं नीट कळतंय.' त्या रात्री त्यानं ग्रुप सोडला. भांडण नाही, मेसेज नाही, काही नाही.

खरं सांगतो, पहिला विचार काय आला? दुसरा टेस्टर बघू. हे आठवलं की आजही लाज वाटते.

मग मी हेडफोन लावून, डोळे मिटून, नीट बसलो. आणि तो बरोबर होता. आमच्याकडं नीट कळत होतं, कारण घोडा कुठं आहे हे आम्हाला आधीच माहीत होतं, कोड आम्हीच लिहिलेला! आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी पोचतो, उजव्याला एक मिलिसेकंदाहूनही कमी उशिरानं. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. पण बरोबर समोरचा आणि बरोबर मागचा आवाज दोन्ही कानांत एकाच वेळी पोचतो. तिथं फरकच नाही. खऱ्या आयुष्यात आपण मान थोडी वळवतो, कानाच्या पाळीचा आकारही मदत करतो. साध्या हेडफोनमध्ये मान वळवून काही उपयोग नाही, आवाज डोक्याबरोबरच फिरतो.

अकराव्या दिवशी एसटीनं इंदापूरला गेलो. स्टँडसमोर चहा घेतला. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, 'दादा, राग नाही. पण तुम्ही मला शेवटी विचारता. तवर तुमचं सगळं ठरलेलं असतं. मग मी फक्त चुका सांगणारा होतो, आणि चुका सांगणारा कुणालाच आवडत नाही.'

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी विचारलं, 'मग घोड्याचं काय करू?'

तो अंधांचं क्रिकेट खेळतो. तुम्ही पाहिलं नसेल तर सांगतो. बॉल प्लास्टिकचा, आत छर्रे, अंडरआर्म टाकायचा. बॉलर आधी बॅट्समनला 'रेडी?' विचारतो, तो 'येस' म्हणतो, मग 'प्ले' म्हणून बॉल टाकतो. अकरा जणांत किमान चार खेळाडू पूर्ण अंध लागतात. १९९८ साली याचा पहिला वर्ल्ड कप दिल्लीत झाला. तो म्हणाला, 'आमचा बॉल थांबला की गप्प होतो, आणि गप्प झाला की तो आमच्यासाठी नसतोच. तुमचा घोडा लांब गेला की गप्प होतो. त्याला गप्प करू नका. मागं गेला की आवाज जरा दबका करा, पोत्याआडून आल्यासारखा. आणि समोर एक आवाज कायम ठेवा, जागचा न हलणारा.'

जागचा न हलणारा आवाज म्हणजे आजीचा टाळ! तो आमच्याकडं होताच, फक्त मधूनमधून वाजायचा. आता तो सतत वाजतो. बोट फिरवून तुम्ही वळलात की टाळही कानात सरकतो आणि तुम्ही कुठं तोंड करून उभे आहात ते कळतं. घोडा मागं गेला की टापांचा खणखणीतपणा कमी होतो. दोन रविवारांत काम झालं. आमचे सहा महिने ज्यात गेले, ते त्यानं एका चहात सांगितलं.

तो परत आला, पण अट घालून. तो आता टेस्टर नाही, लेव्हल तोच ठरवतो. आधी तो तोंडी खेळ सांगतो, मग आम्ही कोड लिहितो. यात मी काही मोठेपणा केला असं समजू नका. जगभर वापरला जाणारा एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करननं सुरू केला, पुढं जेम्स टे त्याला येऊन मिळाला. दोघंही अंध. आपल्याला काय लागतं हे माहीत असलेल्या लोकांनी स्वतःच ते बनवलं. हे मला माहीत होतं, तरी मी आमच्या मुलाला शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं.

तुमच्यापैकी कुणी असं काम करणार असाल, तर आम्ही आता काय पाळतो ते सांगतो. कामाची यादी साध्या मजकुरात, फोटो नाही. प्रत्येक बटणाला नाव, नाहीतर टॉकबॅक नुसतं 'अनलेबल्ड' म्हणत बसतो. प्रत्येक सूचना पुढं ढकलता आली पाहिजे. टेस्टिंग वायरच्या इअरफोनवर, कारण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा सहज येतो, तेवढ्यात घोडा अंगावर! आणि रविवारच्या कॉलवर पहिला तो बोलतो, मी शेवटी.

फुकट काम करणारा माणूस राजीनामा देत नाही, हेही लक्षात ठेवा. तो नुसता गप्प होतो. पगारी टीममध्ये नाराजी कधीतरी कानावर येते, इथं येतच नाही. म्हणून आता कुणी आठवडाभर बोललं नाही, तर मी मेसेज करत नाही, फोन करतो.

पालखीची तारीख आमची हुकलीच. एका ज्युनिअरला नोकरी लागली, तो गेला. पुण्याच्या मित्राला वेळ होत नाही. त्यांच्या जागी आमच्या लेव्हल-मास्तरनं क्रिकेटच्या टीममधला एक दोस्त आणलाय. म्हणजे आता पाच जण आहोत, त्यातले दोन अंध. दुसरी लेव्हल उसाच्या ट्रॅक्टरची आहे. दोन ट्रॉल्या, टेपवर मोठ्यानं गाणी आणि तुम्हाला रस्ता ओलांडायचाय. मी म्हटलं, 'लई अवघड होईल रे.' तो म्हणाला, 'दादा, आम्ही रोज ओलांडतो.'

चला, थांबतो. तुमच्या ओळखीत कुणी अंध गेमर असेल, तर त्याला हा एपिसोड ऐकवा आणि आमचं कुठं चुकतंय ते विचारा. या वेळी आधी विचारतोय. भेटू पुढच्या एपिसोडला.