एका तालुक्यातलं विद्यापीठ



ही परिषद विद्यापीठाच्या सभागृहात न भरवता नारायणगावात भरवायची, असं संयोजकांनी ठरवलं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. विद्यापीठात किती तऱ्हेचं संशोधन चालतं हे सांगायचं, तर विभागांची यादी वाचून दाखवता येते. पण यादी ऐकून कोणाच्या मनात काही उभं राहत नाही. म्हणून मी दुसरी वाट धरतो. आपण बसलो आहोत तो जुन्नर तालुका डोळ्यांसमोर ठेवतो आणि या एका तालुक्यात कोणकोणत्या शास्त्रांची माणसं कशासाठी आली, त्यांना इथे काय मिळालं, एवढंच पाहतो. माझा स्वतःचा विषय प्राकृत आणि पुराभिलेख. तेव्हा इतर विषयांबद्दल बोलताना मी त्या त्या विद्वानांचा वाचक म्हणूनच बोलणार आहे.

सुरुवात बोरीपासून करतो. कुकडीच्या काठच्या या गावाजवळ नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा पांढुरका थर सापडला. १९८०च्या दशकातली ही गोष्ट. दख्खनचं पठार लाव्हारसाचंच, पण तो लाव्हा वाहायचा थांबला त्याला साडेसहा कोटी वर्षं होत आली. कुकडीचा गाळ त्या मानानं अगदी कालचा. मग ही राख आली कुठून? तिचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काचेचे पातळ, वाकड्या कडांचे तुकडे दिसतात. उद्रेकाच्या वेळी वितळलेल्या खडकात वायूचे बुडबुडे धरतात आणि फुटतात, त्या बुडबुड्यांच्या भिंतीचे हे तुकडे. इतका हलका कण वाऱ्याबरोबर कुठल्या कुठे जाऊ शकतो. इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरचा टोबा हा ज्वालामुखी इथून तीन हजार किलोमीटरहून दूर आहे, आणि शोध तिथवर जाऊन पोचला.

प्रश्न नुसत्या राखेचा असता तर तो भूशास्त्रापुरता राहिला असता. पण याच गाळात अश्मयुगीन माणसानं घडवलेल्या हातकुऱ्हाडी मिळाल्या. राखेचं वय ठरलं की त्या माणसाचा काळ ठरणार होता. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ, त्यांच्यातच राहून नद्यांचे गाळ वाचणारे एस. एन. राजगुरू, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले वैज्ञानिक असे सगळे या थराभोवती जमले. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीनं वय आलं सुमारे १४ लाख वर्षं. १९९५ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं ते ६ लाख ७० हजारांच्या आसपास आलं. त्याच सुमारास काचकणांची रासायनिक घडण तपासणाऱ्यांनी मत मांडलं, की ही राख टोबाच्या सर्वांत अलीकडच्या मोठ्या उद्रेकाची, म्हणजे साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे.

१४ लाख आणि ७५ हजार! या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत किती शास्त्रं उभी आहेत ते बघा. यंत्र जे मोजतं ते चोख मोजतं. पण मोजायला दिलेल्या नमुन्यात नदीनं जुन्या खडकाचे कण मिसळले आहेत का, हे नदी ओळखणाराच सांगू शकतो. हातकुऱ्हाडी राखेच्या मूळ थरातल्या की नंतर वाहत येऊन तिथे बसलेल्या, हे उत्खनन करणारा सांगतो. रसायनशास्त्र राखेचं घराणं सांगतं, पण ती या काठावर पहिल्यांदा पडली की दुसरीकडून धुऊन आली, हे त्याला सांगता येत नाही. हा वाद पुष्कळ वर्षं चालला आणि तो कडवटही झाला. मला तो फार मोलाचा वाटतो. प्रत्येक शास्त्राला आपल्या उत्तरातली फट स्वतःहून दिसली नाही, शेजारच्या शास्त्रानं ती दाखवली. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वाच्या विभागात भूशास्त्रज्ञ नेमायचा, वनस्पतींचे जळके दाणे ओळखणारा नेमायचा, हाडं ओळखणारा नेमायचा, हा निर्णय तिथले पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया यांच्या पिढीनं घेतला नसता, तर बोरीचा थर नदीकाठची पांढरी माती म्हणून पडून राहिला असता.

आता घाटाच्या तोंडाशी जाऊ. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागणिका हिचा शिलालेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई, किती कार्षापण (त्या काळची नाणी) दिले याची ती मोठी नोंद आहे. दगड झिजला आहे, ओळी मधूनमधून तुटल्या आहेत. असा लेख नुसत्या डोळ्यांनी वाचता येत नाही. आधी खडक ब्रशनं घासून स्वच्छ करायचा, ओला केलेला कागद त्यावर बसवायचा आणि ब्रशनं थापून थापून तो अक्षरांच्या खाचांत उतरवायचा. कागद सुकत आला की कापडाच्या गोळ्यानं शाई टिपत जायची. उठलेला भाग काळा होतो, खाच पांढरी राहते. वाऱ्यानं कागद सुटला की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या उमेदीचा बराचसा काळ असे ठसे घेण्यात गेला आणि त्यातला एकही तास मला वाया गेलेला वाटत नाही.

या लेखाची ख्याती मात्र राणीपेक्षाही आकड्यांमुळे झाली. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७०च्या दशकात इथल्या अंकांवर लिहिलं. या अंकपद्धतीत शून्य नाही, स्थानमूल्य नाही. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं; आणि तरी दहा-दहा, वीस-वीस हजारांच्या संख्या लिहिलेल्या आहेत. भारतीय अंकांचा इतिहास लिहिणाऱ्या कुठल्याही गणितज्ञाला नाणेघाटाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. दक्षिणेच्या हिशेबासाठी कोरलेली ओळ गणिताच्या कामी आली, आणि ती आधी वाचली ती प्राकृत जाणणाऱ्यानं. तसंच जुन्नरभोवतीच्या लेण्यांचं. तिथल्या दानलेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे व्यवसायसंघ, आहे, बांबूकाम करणाऱ्यांची आहे, कासारांची आहे. करंज आणि वडाची झाडं लावण्यासाठी शेतांचं उत्पन्न श्रेणीकडे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. यवन दाते आहेत. अर्थशास्त्राचा, व्यापाराचा, वनस्पतींचा इतिहास लिहिणाऱ्यांना यातला एकेक शब्द लागतो.

इथेच मला आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट सांगायची आहे. प्राकृत शिकायला फार विद्यार्थी येत नाहीत. पुराभिलेखाला त्याहून कमी येतात. मी ज्या विभागात शिकवलं, तिथली माझी जागा मी निवृत्त झाल्यावर भरली गेली नाही. कारण दिलं गेलं विद्यार्थिसंख्येचं. मित्रहो, हा मापदंडच चुकीचा आहे. विषय किती जणांनी निवडला यावरून त्याची गरज ठरत नाही. ती गरज दुसऱ्या कुठल्या तरी विषयाला, कधी तरी, अचानक पडते, आणि त्या दिवशी जाणकार हाताशी नसेल तर त्याला पाच वर्षांत घडवता येत नाही. जळका दाणा गव्हाचा की जवाचा हे ओळखणारा डोळा तयार व्हायला अर्धं आयुष्य लागतं. पोवाड्यांची, बखरींची मोडी वाचणारा, शेवाळांचं वर्गीकरण करणारा, जुन्या नाण्यांचा जाणकार या सगळ्यांची हीच गत आहे. विद्यापीठातली विविधता विवरणपत्रिकेत छापून टिकत नाही. एकेका जाणत्या माणसामागे दुसरा जाणता माणूस उभा राहिला तरच ती टिकते.

बिबट्याबद्दल बोलल्याशिवाय मला इथून उठता येणार नाही, कारण समोर बसलेल्या शेतकऱ्यांपैकी अनेकांच्या गोठ्यापर्यंत तो आलेला आहे. कुकडीच्या खोऱ्यात धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला, आणि उसाच्या आडोशाला बिबट्याची मादी पिल्लं घालू लागली. २००० नंतरच्या काळात पकडायचं आणि दूरच्या जंगलात नेऊन सोडायचं, हा उपाय मोठ्या प्रमाणावर झाला. हेतू चांगलाच होता. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या काळाची आकडेवारी लावून पाहिली. आसपासच्या जंगलांत २९ बिबटे आणून सोडले गेले होते. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत, ते नंतर १७वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर तिथे स्थिरावत नाही, हे त्यातून पुढे आलं. आपण ज्याला उपाय म्हणत होतो तोच प्रश्न वाढवत होता.

पण जीवशास्त्रज्ञाचं काम इथे संपलं तरी प्रश्न संपत नाही. पिंजरा लावा म्हणून गाव का अडून बसतं, वनरक्षकावर कोणाचा दबाव येतो, ऊसतोड मजुरांच्या खोपट्यातलं मूल पहाटे कुणाच्या नजरेखाली असतं, शेतीला वीज रात्री मिळाली की कोणाला अंधारात बांधावर जावं लागतं, हे प्रश्न समाजशास्त्राचे, अर्थशास्त्राचे आणि वीज खात्याच्या वेळापत्रकाचेही आहेत. बिबट्यावर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीला माझं कळकळीचं सांगणं आहे, की तुझ्या कॅमेऱ्यात उमटलेल्या जनावराइतकंच लक्ष त्या बांधावरच्या माणसाकडे दे. आणि समाजशास्त्राच्या मुलानं उसातला बिबट्या काय खातो हे आधी नीट वाचावं.

नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. हंगामात इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांचं हे गाव. लावणी विद्यापीठात आली ती आधी काव्य म्हणून, शाहिरांच्या संहिता म्हणून. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या शर्मिला रेगे यांनी १९९५च्या सुमारास लावणी कलावंत स्त्रियांबद्दल जे लिहिलं, त्यानं प्रश्नच बदलला. कोण नाचतं, कोणत्या जातीच्या बायका, पैसा कोणाच्या हातात जातो, आणि त्याच कलेचं पांढरपेशा रूप झालं की श्रेय कोणाला मिळतं? साहित्याच्या अभ्यासकांना हे विचारावंसं वाटलं नव्हतं. ज्या राहुट्यांपुढून आपण सगळे इतकी वर्षं ये-जा करतो, तिथे एवढं मोठं संशोधन उभं होतं.

खोडदची रेडिओ दुर्बीण तर तुम्हाला रोजच दिसते. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यांतल्या १४ मधल्या भागात जवळजवळ आणि बाकीच्या तीन भुजांवर २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी हे खोरं निवडलं, कारण इथे माणसाच्या यंत्रांचा रेडिओ-कोलाहल कमी होता आणि पुण्याची कारखानदारी व विद्यासंस्था हाकेच्या अंतरावर होत्या. भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांची जाळी ताणून एवढ्या मोठ्या तबकड्या स्वस्तात उभारल्या, ही स्थापत्याची करामत खगोलशास्त्राइतकीच अभिमानाची आहे. २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी अतिशय कमी वारंवारतेच्या गुरुत्वलहरींचे पुरावे जाहीर केले, त्यांत या दुर्बिणीच्या निरीक्षणांचा वाटा होता. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला शाळकरी मुलांची जी गर्दी होते, ती पाहिली की मला फार बरं वाटतं.

या सगळ्या संशोधनाच्या वाटेतली एक अडचण स्पष्ट बोलायला हवी. आज तरुण प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांच्या संख्येवर तोलली जाते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ मध्ये सुरू झालं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचं काम १९४८ मध्ये सुरू झालं, पहिला भाग छापून आला १९७६ मध्ये. महाभारताच्या त्या आवृत्तीचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर यांना आदिपर्वाच्या मधल्या एखाद्या वर्षी कोणी विचारलं असतं की यंदा किती निबंध झाले, तर त्यांनी काय सांगायचं होतं? रसायनशास्त्रात वर्षाला चार निबंध होणं स्वाभाविक असेल, हस्तलिखितांच्या पाठभेदांत चार वर्षांनी एक होणंही स्वाभाविक आहे. दोघांना एकाच मापानं मोजलं की संथ काम करणारा आधी हरतो, मग तो ते काम सोडतो.

म्हणून या परिषदेनं उद्याच्या खुल्या अधिवेशनात एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. त्याचा मसुदा मी संयोजकांकडे दिला आहे. केवळ विद्यार्थिसंख्या कमी म्हणून कुठल्याही विषयाची मंजूर जागा रिकामी ठेवू नये, ही त्यातली पहिली मागणी. पीएच.डी.साठी नाव नोंदवताना विद्यार्थ्यानं दुसऱ्या विद्याशाखेतल्या एका तरी शिक्षकाशी आपल्या प्रश्नाची चर्चा करावी आणि त्या शिक्षकाचा अभिप्राय प्रस्तावाला जोडावा, ही दुसरी. तिसरी मला सर्वांत जवळची आहे. ज्या गावात संशोधन झालं, त्या गावच्या वाचनालयात प्रबंधाचा दहा-पंधरा पानांचा मराठी गोषवारा पोचला पाहिजे आणि तो पोचल्याशिवाय पदवीची अधिसूचना निघू नये. बोरीच्या शेतकऱ्यानं आपल्या काठावरच्या राखेबद्दल परदेशी नियतकालिकात वाचावं, अशी अपेक्षा आपण किती दिवस करणार आहोत? मसुद्यात दुरुस्त्या सुचवायच्या असतील त्यांनी त्या आज रात्रीच्या जेवणापर्यंत लेखी द्याव्यात. विशेषतः विज्ञान शाखेच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या मागणीचे शब्द बारकाईनं पाहावेत. प्रयोगशाळेतल्या कामाला ती कशी लागू करायची, याबद्दल मला त्यांचा सल्ला हवा आहे.